दर पावसाळ्यानंतर कुंपण ढिलं पडतं? तार ओढण्याआधी कोपऱ्याचा खांब बघा

गणपती गेले, उघडीप पडली, म्हसरं रानात सोडली की आठवड्याभरात लक्षात येतं. मे महिन्यात टणक ताणलेल्या कुंपणाला झोळ पडलाय, मधल्या दोन तारा एकमेकींना टेकल्यात आणि एखादी रेडी मान बाहेर काढून शेजारच्या उसाचा पाला ओढतेय. मग पक्कड घेऊन तारा पुन्हा ओढायच्या. पुढच्या दसऱ्याला परत तेच. तिसऱ्या वर्षी तार तुटते आणि दोष तारेच्या दुकानदारावर जातो.

बहुतेक ठिकाणी तारेत काही बिघडलेलं नसतं. तार ज्या दोन टोकांना बांधलीय ती टोकं जवळ सरकलेली असतात.

हिशेब करून बघा. २.५ मिलिमीटरची साधी (बिनकाट्याची) हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण झेलणारी कडक पोलादी, तार २०० फूट टाकली आणि तिला १०० किलोचा ताण दिला, तर ती अवघी ६ सेंटिमीटर लांबते. म्हणजे कुंपणाचा सगळा कडकपणा त्या ६ सेंटिमीटरमध्ये साठवलेला आहे. दोन्ही कोपऱ्यांचे खांब तारेच्या उंचीवर तीन-तीन सेंटिमीटर आत झुकले की ताण संपला. पाच-पाच झुकले की प्रत्येक गाळ्यात, म्हणजे दोन खांबांमधल्या दहा फुटांत, जवळपास ५ सेंटिमीटर झोळ पडतो. खांब तीन सेंटिमीटर झुकलाय हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, म्हणून सगळे तारेकडे बघत बसतात. झुकलेल्या खांबावर तार पुन्हा ओढली की तो आणखी झुकतो, हे मात्र दर वर्षी घडतं.

आधी तपासणी

ओळंबा, टेप आणि ५-१० किलोचा स्प्रिंगचा ताणकाटा एवढंच लागतं. सुरुवात कोपऱ्यांपासून करा, मधले खांब नंतर. कोपऱ्याच्या खांबाला दोन बाजूंनी ओळंबा लावा: एकदा तारेच्या रेषेत, एकदा आडवा. मग जमिनीलगत बघा. खांबाच्या तारेविरुद्धच्या बाजूला फट पडलीय का? त्या फटीत बोट किंवा सळी किती खोल जाते? काँक्रीटचा माथा पहिल्या वर्षी जमिनीला लागून होता, आता चार बोटं वर आलाय का? सपोर्ट पोलचा, म्हणजे कोपऱ्याला टेकवलेल्या तिरक्या खांबाचा, पाय जमिनीत रुतलाय का?

तारेचा ताण मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. दहा फुटी गाळ्याच्या बरोबर मध्यावर तारेला काटा अडकवा आणि आडवा ५ किलो होईपर्यंत ओढा. तार ४ सेंटिमीटरच्या आसपास सरकली तर ताण १०० किलोच्या जवळ आहे. ८ सरकली तर ५०. काट्यावर काही ओढ न येताच नुसती सरकत गेली तर काही शिल्लक नाही. प्रत्येक तार वेगळी मोजा, कारण वरची ढिली आणि खालची टणक निघाली तर खांब बुडाशी धरून आहे आणि माथ्याकडून झुकलाय हे तिथंच कळतं.

यातून चार प्रकार वेगळे काढता येतात. कोपरा तारेकडे झुकला असेल तर आधार चुकलाय. कोपरा सरळ आहे पण वर उचलला गेलाय, तर काळी माती फुगली आहे नाहीतर सपोर्टच जॅकसारखं काम करतोय. कोपरे ठीक आहेत आणि सगळी ओळ ढिली आहे, तर गाठ सरकली किंवा तार मऊ आहे. एकाच गाळ्यात झोळ असेल तर ते जनावराचं किंवा पडलेल्या फांदीचं काम. तिथं कोपरा उकरू नका.

एक पाचवी गोष्टही असते. ओघळात किंवा खोलगट जागेतला मधला खांब दर वर्षी वर येत असेल, तर तारच त्याला उपटतेय. दोन्ही बाजूंच्या उंच खांबांमधून तार सरळ जायला बघते आणि खालच्या खांबाला वर ओढते. असा खांब इतर मधल्या खांबांसारखा अडीच फूट पुरून चालत नाही. बुडाला आडवी सळी घालून काँक्रीट करा, नाहीतर तिथं तार वेगळ्या टप्प्यात तोडा.

काळ्या रानात खांब वर का येतो

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ, हातकणंगले, कागल आणि करवीरच्या नदीकाठच्या भागात ही तक्रार जास्त. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि एप्रिलमध्ये सुकली की आकसून हातभर भेगा पडतात. खांबाभोवती तीच माती परत भरली असेल तर उन्हाळ्यात ती खांबापासून सुटते. वळवाचा पहिला पाऊस त्या फटीतून थेट बुडात जातो, बूड मऊ होतं आणि त्याच वेळी वरून तार ओढत असते. खांब थोडा सरकतो, फटीत माती ढासळते, आणि खांब परत मागं यायची वाट बंद होते.

काँक्रीट टाकलं म्हणून यातून सुटका होत नाही. उलट खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता खोदला असेल, म्हणजे पहारीनं घाईत खोदल्यावर जसा होतो तसा, तर फुगलेली माती त्या काँक्रीटला पाचरीसारखं धरून वर ढकलते. दर वर्षी बोटभर. माथ्याला जमिनीवर पसरलेली छत्री केली असेल तर आणखी सोपं.

काळ्या रानातला कोपऱ्याचा खड्डा असा घ्या. दीड बाय दीड फूट, खोली साडेतीन फूट, आणि तळाचं अर्धा फूट चारी बाजूंनी तीन-तीन इंच आत कोरून रुंद. खालचे दोन फूटच काँक्रीट भरा. एका खड्ड्याला एक पोतं सिमेंट, दोन फर्मे वाळू, चार फर्मे खडी. फर्मा म्हणजे माल मोजायची पेटी, ३५ लिटरची धरलीय. पाणी पोत्यामागं २५ लिटर, त्याहून जास्त नको. माल वाहायला लागला की गवंड्याचं काम हलकं होतं आणि काँक्रीट कच्चं राहतं. खांब काँक्रीटमध्ये ठेवण्याआधी त्याच्या बुडाला एक फूट लांबीची सळी आडवी जोडा, म्हणजे खांब काँक्रीटमधून निसटत नाही.

वरचा दीड फूट मुरूम. खड्ड्यातून निघालेली काळी माती परत आत टाकायची नाही. ती रानात पसरून द्या. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, थोडा ओला करून, धुमसानं ठोकत भरायचा. धुमस नसेल तर पहारीचं बोथट टोक चालतं. वर जमिनीच्या दोन इंच उंच करून चारी बाजूंना उतार द्या. काँक्रीट माथ्यापर्यंत का नाही, असं विचारलं जातं. सगळ्यात जास्त फुगणारी आणि भेगाळणारी माती वरच्या थरातच असते. तिथं तिच्या हाताला काँक्रीटची धरायला जागा दिलीच नाही, तर ती उचलणार काय? मुरूम तिच्यासोबत थोडा हलतो, खांब जागेवर राहतो.

खांब रोवल्या दिवशी तार ओढायची नाही. संध्याकाळी गडी जाणार आहेत, ट्रॅक्टर उभा आहे, म्हणून त्याच दिवशी ताण देतात आणि पहिल्या रात्रीच कोपरा दोन सेंटिमीटर आत येतो. मुरूम भरण्याआधी काँक्रीटवर ओलं पोतं घालून सात दिवस पाणी मारा आणि तार चौदा दिवसांनंतर ओढा.

सपोर्ट पोल: मदत की जॅक?

इकडच्या बहुतेक कुंपणांना कोपऱ्यावर एक तिरका सिमेंट पोल टेकवलेला असतो. कल्पना बरोबर आहे, कोन चुकतो.

पाच तारा, प्रत्येकी १०० किलो, म्हणजे कोपऱ्यावर ५०० किलोची ओढ. तारांची सरासरी उंची अडीच फूट आणि सपोर्ट तीन फुटांवर टेकवला असेल तर सपोर्टला आडवं सुमारे ४१५ किलो अडवायचं असतं. पण तिरका पोल नुसतं आडवं ढकलत नाही, कोपऱ्याच्या खांबाला वरही उचलतो. सपोर्टचा पाय खांबापासून तीन फुटांवर असेल, म्हणजे ४५ अंशाचा कोन, तर उचल तेवढीच: ४१५ किलो. पाय पावणेदोन फुटांवर असेल, जसा जागा वाचवायला बहुतेक ठिकाणी असतो, तर उचल ७०० किलोच्या पुढं. एका पोत्यात झालेल्या काँक्रीटचं वजन साधारण ३७० किलो भरतं. मातीची पकड ऑगस्टमध्ये किती राहते हे काळ्या रानात चाललेल्या माणसाला सांगायला नको. पाय पाच फुटांवर नेला तर उचल २५० किलोवर येते आणि खांब जागेवर बसतो.

म्हणून सपोर्ट लांब टाका. साडेचार फूट उंचीच्या कुंपणाला तो तीन फुटांवर टेकवा आणि पाय पाच फुटांवर. पायाखाली फूटभर खड्डा करून दोन फूट रुंदीची सपाट फरशी किंवा दगड बसवा, सपोर्टकडे तोंड करून जरा तिरका. नुसता मातीत खुपसलेला पाय आर्द्रात रुततो आणि सगळा आधार सहा इंच खाली जातो. सपोर्ट तारेच्याच रेषेत हवा. दोन ओळी मिळतात त्या कोपऱ्याला दोन सपोर्ट. दोन्हींच्या मधोमध तिरका एकच टाकून भागवलेला कोपरा वर्षाभरात पिळतो.

शेरडं असतील तर आणखी एक भानगड. आतल्या बाजूचा तिरका सपोर्ट म्हणजे शेळीला जिना. दोन उड्यांत ती माथ्यावर आणि तिसरीत बाहेर. शेळ्यांच्या कुंपणाला सपोर्ट पोल वापरूच नये.

एच जोड

आपल्याकडे हा कमी दिसतो, पण नवीन काम करणाऱ्यानं सुरुवातीलाच हा शिकावा. कोपऱ्याच्या खांबापासून तारेच्या रेषेत दुसरा तेवढाच पक्का खांब. दोन्हींना चार फुटांवर जोडणारा आडवा पाइप. आणि एक तिरकी तार.

तिरकी तार कोणत्या दिशेनं, यातच निम्मी कामं फसतात. ती कोपऱ्याच्या खांबाच्या बुडापासून निघून दुसऱ्या खांबाच्या माथ्याला जाते. उलटी बांधली तर ती काहीच धरत नाही, शोभेला राहते. का, ते असं: कुंपणाच्या तारा कोपऱ्याच्या माथ्याला आत ओढतात. तो आडव्या पाइपातून दुसऱ्या खांबाच्या माथ्याला ढकलतो. दुसरा खांब पुढं पडायला बघतो, तेव्हा त्याच्या माथ्याला मागं धरून ठेवणारी वस्तू हवी, आणि ती कोपऱ्याच्या बुडाला बांधलेली असली म्हणजे तारांची ओढ फिरून कोपऱ्याच्या पायातच येते.

दोन खांबांतलं अंतर कुंपणाच्या उंचीच्या दुप्पट, म्हणजे साडेचार फुटांना नऊ फूट. एवढं ठेवलं की कोपऱ्यावरची उचल १४० किलोच्या आसपास राहते. अंतर साडेचार फुटांवर आणलं तर ती दुप्पट होते. पाइप वाचवायच्या नादात अंतर कमी केलेले एच जोड जागोजाग उपटलेले दिसतात.

दोन ओळींच्या एका कोपऱ्याला लागणारं सामान: ३ इंची पाइपचे आठ फुटी तीन खांब, २ इंची पाइपचे नऊ फुटी दोन आडवे, २.५ मिलिमीटरची हाय टेन्साइल तार ९० फूट, तीन पोती सिमेंट, सहा फर्मे वाळू, बारा फर्मे खडी आणि ठोकून बसल्यावर कमी पडू नये म्हणून १३-१४ घनफूट मुरूम. पाइप २० फुटांचा येतो, त्यातून नऊ फुटांचे दोन्ही आडवे निघतात. आठ फुटी खांब मात्र एका पाइपातून दोनच, तेव्हा कोपरे मोजून एकदमच मागवा. साडेचार फूट वर, साडेतीन फूट खाली. पाइपाच्या तोंडाला पत्र्याचं टोपण वेल्ड करा, नाहीतर आत पाणी साचून बुडातून गंजतो. वेल्डिंगच्या जागी जस्त जळालेलं असतं, तिथं घासून जस्ताचा प्रायमर लावायला वेल्डर हमखास विसरतो.

तिरक्या तारेचे दोन पूर्ण फेरे घ्या, म्हणजे चार पदर. मधोमध फूटभर सळी घालून पीळ द्या आणि सळी उलटी फिरू नये म्हणून तिला तारेच्या तुकड्यानं आडव्या पाइपाला बांधून ठेवा. पुढच्या वर्षी ढिलं वाटलं तर दोन पीळ आणखी.

सिमेंटच्या पोलवर एच जोड करता येतो, पण आडवा पाइप पोलला भोक पाडून बसवू नका. पोल तिथंच चिरतो. पट्टीचा क्लॅम्प चौफेर घाला. सिमेंट पोल घेताना तो किती दिवसांपूर्वी ओतलाय ते विचारा. २८ दिवसांच्या आतला घेऊ नका. दोन टोकांखाली वीट ठेवून पोल आडवा ठेवा आणि मधोमध उभं राहा. केसाएवढी चीर दिसली तरी परत द्या.

सरळ ओळ फार लांब असेल तर साधारण ६०० फुटांवर मध्ये एक एच जोड हवा, आणि त्याला दोन तिरक्या तारा, फुलीसारख्या, कारण ओढ दोन्हीकडून असते.

जांभ्याचा भाग

शाहूवाडी, पन्हाळा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगडचा पश्चिम पट्टा आणि गगनबावडा इथं तक्रार वेगळी. माती फुगत नाही, पण फूट-दीड फुटावर जांभा दगड लागतो. मग खड्डा तिथंच थांबतो आणि उरलेली खोली वर काँक्रीटचा ढीग करून भरून काढली जाते. तो ढीग मुळाशिवायचा. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, शिरोळला त्याचा दहावा हिस्सा. उतारावरून वाहणारं पाणी ढिगाच्या कडेनं माती नेतं आणि खांब काँक्रीटसकट आडवा.

जांभा लागला की ब्रेकर लावा आणि त्यात दीड-दोन फूट उतरा. भोक खांबापेक्षा दोन-तीन इंच मोठं असलं तरी पुरे, तळ रुंद करायची गरज नाही. दगड धरून ठेवतो. भोकात पाणी असताना काँक्रीट टाकू नका. हे काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उरका. कुंपणालगत चर काढला असेल तर तो खांबांपासून किमान तीन फूट लांब न्या.

जांभा रानातच निघत असेल तर सगळीकडे तार लावायचा हट्ट कशाला? तीन फुटी गडगा (रचलेल्या दगडांची भिंत) आणि त्यावर दोन तारा हे जनावरांसाठी अधिक टिकाऊ आहे आणि गड्यांना ते काम येतंही.

लाकडी खांब या भागात वाळवी आणि ओल दोन-तीन पावसाळ्यांत खाते. गिरीपुष्प किंवा पांगाऱ्याचे जिवंत खांब लावणार असाल तर तार थेट खोडाला खिळ्यानं ठोकू नका. खोड वाढतं, तार गिळतं आणि मग ती सोडवता येत नाही. मध्ये लाकडी पट्टी ठेवा. गिरीपुष्पाला शेळ्या सालीसकट खातात, तेव्हा तो त्यांच्या तोंडाच्या बाहेरच.

तारच दोषी असेल तर

कोपरे ओळंब्यात आहेत आणि तरी ओळ ढिली, तर तीन ठिकाणी बघा.

पहिलं, तारेचा मऊपणा. साधी मऊ १२ गेज तार, म्हणजे २.६४ मिलिमीटर, दीडशे किलोच्या आसपास कायमची लांबायला लागते. ट्रॅक्टरला बांधून ओढली की ही हद्द कधी ओलांडली ते कळतही नाही. तार टणक दिसते, पण जीव गेलेला असतो. २.५ मिलिमीटरची हाय टेन्साइल तार याच्या कितीतरी पलीकडे जाते. ओढायला रॅचेट किंवा चेन पुलर वापरा, ट्रॅक्टर नको. तुटलेली तार परत येते ती थेट तोंडावर.

काटेरी तार घेताना गेज नुसतं विचारू नका. एक मीटर तोडून काट्यावर ठेवा. १२ गेजच्या दोन तारांचंच वजन ८६ ग्रॅम होतं, काटे वेगळे. १४ गेजच्या दोन तारा ५१ ग्रॅम. बिलात १२ आणि काट्यावर काट्यांसकट ७५ ग्रॅम भरत असेल तर बाकीचं बोलणं दुकानातच करून घ्या.

दुसरं, बांधणी. कोपऱ्यावर तार खांबाला एक फेरा घेऊन स्वतःवर सहा ते आठ घट्ट वेढ्यांनी बांधायची. मधल्या खांबांना मात्र घट्ट आवळायची नाही. बायंडिंग वायरनं प्रत्येक पोलला करकचून बांधलेल्या तारेत एका गाळ्यातला झोळ पुढं सरकत नाही, आणि कोपऱ्यावर ओढलेला ताणही पहिल्या दोन पोलांपलीकडे जात नाही. पोलच्या भोकातून जाड तारेची कडी काढा आणि कुंपणाची तार तिच्यातून मोकळी सरकू द्या. प्रत्येक तारेत एक रॅचेट ताणणी ओळीच्या मध्यावर बसवली की वार्षिक काम पाच मिनिटांचं.

तिसरं, हवामान. २०० फुटांची तार ३० अंशांच्या फरकानं दोन सेंटिमीटरहून थोडी जास्त लांबते किंवा आकसते. ताणात सांगायचं तर सुमारे ३६ किलोचा फरक. डिसेंबरच्या पहाटे बरोबर १०० किलोवर बसवलेली तार मेच्या दुपारी ६५ वर येणारच. तो बिघाड नाही. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला ताण द्या.

उसाच्या पट्ट्यात एक कारण कुणी धरत नाही: पाचट पेटवणं. जस्त ४२० अंशांना वितळतं. बांधालगत पाचट जळलं की तारेचं जस्त जातं, हाय टेन्साइल तार मऊ पडते आणि सिमेंट पोलच्या कपच्या उडतात. कुंपणापासून दहा-बारा फूट पट्टा पाचटाविना ठेवा. पाचट कुजवत असाल तर उत्तमच.

जनावर कोणतं, त्यावर बाकीचं

म्हैस कुंपणातून पळत नाही, ती कुंपणाला अंग घासते. चारशे-पाचशे किलोचा देह रोज एकाच गाळ्यात घासला तर कोणताही खांब हलेल. मुक्तसंचार गोठ्यात फाटकाजवळ किंवा पाण्याच्या हौदाजवळ एक जाड खरबरीत ओंडका पक्का रोवून द्या. घासायची जागा मिळाली की कुंपणावरचा भार कमी होतो. दुधाच्या जनावरांना काटेरी तार आतून लावू नका, कास फाटते. साध्या पाच तारा, सगळ्यात खालची जमिनीपासून दीड फुटावर, पुरतात. तरी रेटत असतील तर कुंपणाच्या आत वीतभर पुढं, जमिनीपासून तीन फुटांवर, झटका मशीनची एक तार. मशीन मानक खुणेचंच घ्या. घरची लाइन थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात माणसं मेलीत.

शेळ्यांना तार चालत नाही, जाळी लागते: चार फूट उंच, भोक तीन इंच. चार ते सहा इंची भोकात शिंगाची शेळी डोकं घालते आणि काढता येत नाही म्हणून दिवसभर जाळी ओढत बसते. चेनलिंक जाळी वर्षात पोट काढते, कारण ती नुसती पोलला बांधलेली असते. वर, मध्ये आणि खाली अशा तीन ताणलेल्या तारा जाळीतून ओवून घ्याव्या लागतात, आणि टोकाला जाळीच्या उंचीची लोखंडी पट्टी ओवून ती पट्टी कोपऱ्याला ओढायची. खालची तार जमिनीला टेकलेली हवी; शेळी वरून जाते त्याहून जास्त वेळा पिल्लं खालून जातात, आणि बाहेरून रानडुक्कर येतं तेही खालूनच.

राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला गव्यासाठी हे कुंपण आहे असं समजू नका. मोठा गवा टनाच्या घरात जातो. तो आला तर तारा जातील. कोपरे वाचले तरी पुष्कळ.

पुराच्या रेषेत

चिखली, आंबेवाडीपासून कुरुंदवाड, नृसिंहवाडीपर्यंत २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या रानात पाणी आलं, त्यांनी तिथं जाळी लावूच नये. पाण्यानं कुंपण पडत नाही. पाण्यासोबत आलेला उसाचा पाला, जलपर्णी आणि ओंडके जाळीत अडकतात, त्याचा बंधारा होतो आणि मग अख्खी ओळ एकदम झोपते. अशा रानात साध्या तारा लावा आणि खालच्या तीन तारांची टोकं सोडता येतील अशी, हुक आणि साखळीनं जोडा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की त्या तारा सोडून खांबाला गुंडाळून ठेवायच्या. ४३ ची धोका पातळी ओलांडेपर्यंत थांबलात तर रानात जाता येत नाही.

ओढा ओलांडताना कुंपण ओढ्यातून नेऊ नका. दोन्ही काठांवर एकेक पक्का एच जोड, त्यांच्यामध्ये वर एक जाड तारदोर, आणि त्याला लोंबकळणारे हलके पाइप किंवा बांबू. पाणी आलं की ते उचलले जातात, उतरलं की जागेवर येतात. आणि जनावरांसाठी एक फाटक उंचवट्याच्या बाजूला हवंच. रात्री पाणी चढलं तर कुंपण त्यांचा पिंजरा होतो.

फाटक

फाटकाचा खांब झुकला की फाटक जमिनीला घासतं, मग कुणीतरी ते उचलून ढकलतं आणि बिजागरी तुटते. तार बांधायचा आणि फाटक टांगायचा खांब एकच ठेवला की हे होणार. कुंपणाची ओढ एच जोडावर संपवा आणि फाटकाला त्यापासून अर्धा फूट सोडून वेगळा खांब द्या. पाणंदीवर उघडणारं फाटक १६ फूट, दोन झडपांचं ठेवा. ऊस भरलेली ट्रॉली वळताना मागचं चाक आत येतं आणि गळिताच्या हंगामात फाटकाच्या खांबाला बसणारा पहिला धक्का तिचाच असतो. त्या खांबाच्या बाहेरच्या अंगाला गुडघाभर उंचीचा एक दगड पुरून ठेवा, ट्रॉलीचं चाक आधी त्याला लागतं.